मांडवाला कुलूप

एप्रिल. पेसाह संपल्याच्या दुसऱ्या दिवशी

थोरल्या ताईंना, धाकटीच्या नवऱ्याकडून,

तुमचं कार्ड सणाच्या ऐन दिवसांत पोचलं. त्या दिवसांत आपल्या ज्यू लोकांत लिहीत नाहीत, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुम्ही देवधर्म सोडून वर्षं झाली, त्यामुळे हे कारण तुम्हाला सबब वाटेल. वाटू द्या. फोन का नाही केला असंही विचाराल. फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता आणि इकडे मला घाम फुटतो. जन्मभर इस्पितळात मेट्रन होतात, त्या एका ‘हं’मध्ये तुमचं निदान झालेलं असतं.

कार्डावर दोनच ओळी. ती कशी आहे, आणि आज कुठला सण आहे ते तिला सांगता येतं का. म्हणजे मागच्या वर्षी ज्यावरून आपलं वाजलं, तेच. मी म्हणालो होतो की ती तुमची बहीण आहे, पेशंट नाही. तुम्ही पिशवी उचललीत आणि जेवायलाही थांबला नाहीत. माझा आवाज चढला होता, मान्य. पण तुम्हीही तिच्या देखत म्हणालात, की तुमच्या गावच्या संस्थेत तिच्यासाठी जागा बघून ठेवली आहे. ती समोर बसून शेंगा सोलत होती, ताई. तिला ऐकू येतं.

तर उत्तर ऐका. ती सण नुसता सांगत नाही, शिकवते. प्रार्थनाघरात मुलांना इतकी वर्षं जे शिकवलं ते सगळं जिथल्या तिथं आहे. परवा भाजी निवडता निवडता एकदम म्हणाली, ‘मुलांनो, गप्प बसा.’ मी एकटाच होतो, गप्प बसलो. मग तिने धडा सुरू केला. वर्षातून तीन वेळा देवाला तोंड दाखवायला जायचं, पेसाहला, शावुओतला आणि सुक्कोतला. पेसाह म्हणजे आपण गुलामीतून निघालो तो सण. इतक्या घाईने निघालो की पीठ फुगायलासुद्धा वेळ नव्हता, म्हणून बिनखमिराची भाकर खायची. त्यानंतर सात आठवड्यांनी शावुओत. त्या दिवशी डोंगरापाशी नियमशास्त्र मिळालं. शेतातलं पहिलं फळ टोपलीत घालून न्यायचं, रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि शरदात सुक्कोत, मांडवांचा सण. रानात भटकत होतो तेव्हा घर नव्हतं, म्हणून सात दिवस पक्कं घर सोडून फांद्यांच्या मांडवात राहायचं. तिन्ही वेळा सगळ्या गावांतून माणसं त्या एकाच मंदिराकडे चालत वर जायची.

मग वर्गातलं एखादं पोर हमखास विचारायचं, की बाई, ते मंदिर आता कुठे आहे. त्याचं उत्तरही तिने न विचारता दिलं. म्हणाली, ‘मंदिर पाडून दोन हजार वर्षं होत आली. जायची जागा गेली, बाळा. निघायची सवय तेवढी राहिली.’

आता तुम्हीच सांगा, डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईला हे सुचेल का? मला तर ठिकाणावर असून सुचलं नसतं.

तिच्या धड्यातल्या एका वचनावरून आमचं लग्नापासून भांडण आहे. सगळी माणसं घरं सोडून यात्रेला गेली तर मागे घरांचं काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्यावर देवाचं म्हणणं असं, की तू मला तोंड दाखवायला येशील तेव्हा तुझ्या जमिनीचा लोभ कुणी धरणार नाही. मी म्हणायचो, असं असेल तर उद्यापासून दुकान बंद करतो. कुलपांच्या धंद्यात जन्म गेला माझा. माणूस कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी लोभ धरणारे टपलेले असतात. जगात न उघडणारं कुलूप नाही, ताई. चोराला थोडा उशीर व्हावा, एवढ्यासाठीच ते असतं. लोकांना हे ठाऊक नसतं म्हणून त्यांना झोप लागते.

सणाची पहिली रात्र नीट पार पडली. तुम्हाला आठवत असेल, जेवण झाल्यावर एलियाहू संदेष्ट्याच्या नावाचा प्याला भरून ठेवतात आणि तो यावा म्हणून दार उघडतात. कुलूपवाल्याच्या घराचं दार वर्षातून तेवढं एकदाच सताड उघडं राहतं. मी पुस्तकात बघून वाचत होतो. मान वर केली तर तिची खुर्ची रिकामी. संदेष्ट्याला घ्यायला जिन्यापर्यंत गेली होती. थोडा वेळ लागला, पण आली. शेजारची शिंपीणबाई बोभाटा करण्यात पटाईत आहे. तिने तुम्हाला काही कळवलं तर त्यातलं अर्धंच खरं धरा.

बाकी तब्येत छान. मला अजून ‘अहो’ अशीच हाक मारते. काळजी करू नका आणि राग सोडा.

तुम्ही ज्याला चिडवून जावईबापू म्हणता,
तो

जून. शावुओत झाल्यावर

ताई,

तुमचं पत्र वाचलं. शिंपीणबाईने कळवलंच म्हणायचं. बरं, जिन्यापर्यंत नाही, पुलापर्यंत गेली होती. हो, अनवाणी. आणि हो, पोलिसांनी आणून सोडली. पण त्यांच्याशी किती छान बोलत होती ते शिंपीणबाईने लिहिलं का? एकाला तर तिने खांदे ताठ ठेवून बसायला लावलं. बोभाटा करणाऱ्याने पुरता तरी करावा.

आता तुम्ही सुक्कोतला येणार, ओळखीच्या डॉक्टरांना बरोबर आणणार, ते तिला प्रश्न विचारणार आणि मग काय ते ठरणार. ‘बघायला येते, मुक्कामाला नाही,’ असं लिहिलंत. मुलगी बघायला येतात तसं. तेव्हा निदान पोह्यांच्या मागे लपता येतं.

खरं सांगू? भीती वाटते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालंय. रस्त्यावर गाडी थांबली की वाटतं, आल्या. म्हणून मी रोज सकाळी तिची उजळणी घेतो. आज वार कुठला, महिना कुठला, आपण कुठे राहतो. पोरांना पाढे घोकायला लावतात तसा मी तिला घोकायला लावतो. कधी सगळं बरोबर येतं. नाही आलं तर ती माझ्याकडे अशी बघते, की वार मला माहीत आहे याचीच मला लाज वाटते.

शावुओतला तिने टोपली भरली. पहाटेपासून लगबग. पहिलं फळ न्यायचं, रिकाम्या हाताने जायचं नाही. टोपलीत एक लिंबू, माझी डावी चप्पल, गाळणं आणि दिव्याचा जुना बल्ब. वर स्वच्छ फडकं बांधलेलं, कडा दुमडून, तिच्या पद्धतीने. टोपली काखेला लावून दारापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, उशीर होतोय, सगळे पुढे गेले. मी हसलो. तीही हसली. मग मी धडा सांगायला लावला, तर पेसाहचं पीठ डोंगरावर गेलं आणि नियमशास्त्राच्या पाट्या मांडवात. सगळे तुकडे होते, फक्त जागा बदललेल्या. आपलीही होते कधी कधी गल्लत.

दाराला नवं कुलूप बसवलंय. हल्ली चोऱ्या फार वाढल्यात. चांगलं जाड, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. आतल्या बाजूला किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे दिसले तेव्हा आधी समजेना, मग तिच्या केसांतला आकडा वाकलेला मिळाला. कुलूपवाल्याची बायको आहे, इतक्या वर्षांत काही तरी शिकणारच. आकडे मी उचलून ठेवले. सुऱ्या, काडेपेटी, कात्री तर आधीच उचलली होती. घर कसं मोकळं मोकळं वाटतं.

संध्याकाळ झाली की म्हणते, ‘तुम्हाला घरी जायला उशीर नाही का होत?’ थट्टेखोर पहिल्यापासूनच. मी म्हणतो, होतो ना, निघतोच आता. मग ती समजूतदारपणे मान हलवते.

संस्थेबद्दल एकच सांगतो. तुम्ही म्हणता तिथली माहिती नाही, पण तशा एका संस्थेची कुलपं मी बसवली आहेत. स्वच्छ जागा, बोलायला गोड माणसं. मला म्हणाले, दारांना आतून मूठ नको. नुसती सपाट फळी. काम झाल्यावर एक म्हातारी आली आणि त्या फळीवर, जिथे मूठ असायला हवी तिथे, हात फिरवत बसली. मी हत्यारं आवरून निघालो. त्या दिवशी घरी काही बोललो नाही. तुमची बहीण तेव्हा अगदी शाबूत होती, तरी तिने विचारलं, की आज कुणाला कोंडून आलात.

ताई, डॉक्टर नका आणू. याच मुळी नका. म्हणजे या, पण नंतर कधी.

धाकटीचा नवरा

सप्टेंबर संपताना. सुक्कोतच्या आदल्या दिवशी

ताई,

हे पत्र हातोहात पाठवतोय. तुमच्या गावाला जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडे देतोय, म्हणजे निघायच्या आत तुम्हाला मिळेल.

येऊ नका. हवा वाईट आहे, वाटेत पूल दुरुस्तीला काढलाय, गाड्या लांबून वळून येतात. डॉक्टरसाहेबांना उगाच त्रास. आणि तिचं फार छान चाललंय. इतकं छान की बघण्यासारखं काही उरलंच नाही.

मांडव उभारला आहे. दुकानामागच्या अंगणात, दरवर्षीच्याच जागी. गिऱ्हाइकं घरं नवी करतात आणि जुनी दारं माझ्याकडे टाकून जातात, त्यातली चार घेतली आणि चारी बाजूंनी उभी केली. खरं तर दोन भिंती आणि तिसरीचा वीतभर तुकडा एवढ्यानेही भागतं. नियम सगळा वरचा आहे. वर पक्कं छप्पर चालत नाही, तोडलेल्या फांद्याच हव्यात, आणि त्याही इतक्या विरळ की रात्री तारे दिसले पाहिजेत. लहानपणी तुम्ही दोघी पाठीवर पडून तारे मोजायच्या आणि त्यावरून भांडायच्या, असं ती सांगते. सांगायची.

चौथं दार बिजागरीवर टांगलं. त्याचं जुनं कुलूप मी तेल घालून चालू केलं. वाऱ्याने दार आपटू नये, एवढ्यासाठीच. लोक हसले. शिंपीणबाई म्हणाली, मांडवाला कुलूप बापजन्मी पाहिलं नाही, वर आभाळ उघडं आणि खाली कुलूप. मी म्हटलं, बाई, तुम्ही टाके घाला.

ती आत खूष आहे. वर फांद्यांकडे बघत बसते. मी बाहेर काम करतो. निवांत.

तुम्हाला तिची शपथ, येऊ नका. हिवाळा संपला की मीच तिला घेऊन तुमच्याकडे येतो.

ऑक्टोबर. सुक्कोतच्या मधल्या दिवसांत

ताई,

सणाच्या मधल्या दिवसांत अगदी गरजेचं असेल तेवढं लिहायला मुभा आहे. हे गरजेचं आहे.

तुमचा निरोप मिळाला होता, की तुम्ही म्हणता तर नाही येत, पण तिला जपा. वाचून मी जिंकल्यासारख्या दुकानात फेऱ्या मारल्या. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सगळं सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा खोटं लिहीन, म्हणून एकदम सांगतो.

परवा दुपारी मागच्या गल्लीतली एक बाई धावत आली. कचरा टाकायला बाहेर पडली, मागे दार लागलं, किल्ली आत, शेगडीवर दूध आणि पाळण्यात बाळ. मी हत्यारांची पिशवी घेतली. तुमची बहीण मांडवात बसली होती. तिला बरोबर न्यायला हवं होतं, नाही तर शिंपीणबाईला हाक मारायला हवी होती. मी मांडवाला कुलूप घातलं. क्षणभराचं काम, असं म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे.

त्या बाईचं कुलूप हट्टी निघालं. आत बाळ रडत होतं, दुधाचा करपट वास येत होता, बाई माझ्या पाठीवर अक्षरशः बुक्क्या मारत होती. मी तिला म्हणालो, धीर धरा, मी आहे ना. तेवढ्यात पत्र्यावर आवाज आला. आधी थेंब, मग एकदम झोड. जिन्यात उभ्या असलेल्या कुणी तरी म्हटलं, काय पाऊस आलाय. माझे हात थांबले. डोळ्यांसमोर छप्पर आलं, मी स्वतः विरळ केलेलं. पण दार अर्धवट टाकून जाता येईना, आत बाळ होतं. कुलूप उघडलं तेव्हा लोकांनी माझ्या नावाचा उदो उदो केला. मी पिशवी तिथेच टाकून पळालो.

सुक्कोतचा एक नियम लहान मुलांनाही आवडतो. पाऊस आला, की मांडव सोडून सरळ घरात जायचं. पावसात तसाच बसून राहील त्याला शास्त्र मूर्ख म्हणतं. तिने हे वर्षानुवर्षं शिकवलं, आणि दर वर्षी मुलं हसली.

अंगणात शिरलो तर दारावर धडका ऐकू येत नव्हत्या. मला वाटलं संपलं. मग तिचा आवाज आला, वर्गातला, शांत. ‘मुलांनो, पाऊस आला. रांगेने घरात चला. ढकलाढकली नको.’ आत ती एकटी होती, ताई. आणि दार बंद.

किल्ली भोकात जाईना. शहरभर लोकांची दारं उघडत फिरणारे हे हात, त्यांना आपल्या हाताने तेल घातलेलं कुलूप उघडेना. शेवटी उघडलं. ती चिंब होती, केस चेहऱ्याला चिकटलेले, ओठ निळे, बोटांची दोन नखं मुळापासून तुटलेली. वरून पानांतून पाणी गळतच होतं. ती ओरडली असती, मारलं असतं, तर मी उभा राहू शकलो असतो. ती माझ्याकडे बघून हसली. सभ्यपणे, परक्या माणसाकडे बघून हसतात तसं.

‘तुम्ही कुलूपवाले ना?’ म्हणाली. ‘बरं झालं आलात. हे आतून उघडत नाही. आमचे हे घरी वाट बघत असतील.’

मी म्हटलं, हो, मी कुलूपवाला.

पण खरं म्हणजे ते पहिल्यांदा नव्हतं. तुम्हाला लिहिलं की मला ‘अहो’ म्हणते. ती दूधवाल्यालाही ‘अहो’ म्हणते आणि पोलिसालाही म्हणाली होती. पेसाहच्या रात्री पुलावर सापडली तेव्हा ती त्यांना सांगत होती, की घरात कुणी अनोळखी गृहस्थ पुस्तक वाचत बसलेत आणि आपल्याला आपल्या नवऱ्याकडे जायचंय. टोपली तिने देवासाठी भरली असं मी तुम्हाला भासवलं. ती माझ्यासाठी भरली होती. चप्पल माझी होती ना. मी घराला कुलपं घालत सुटलो ते ती हरवेल म्हणून, असं मी स्वतःलाही सांगत आलो. तेही खरं होतं. पण त्याखाली दुसरी भीती होती. ती बाहेर पडली तर मला शोधायला जाईल, आणि शोधत शोधत कधी तरी मी दारात उभा असताना माझ्या अंगावरून पुढे निघून जाईल. ते मला बघायचं नव्हतं. म्हणून तिला कोंडली.

त्या रात्री ताप चढला. शिंपीणबाईने कपडे बदलले, पाय चोळले आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी औषध दिलं. ताप उतरलाय, छातीत अजून घरघर आहे. तुम्ही असता तर ऐकून सांगितलं असतं किती काळजीची ते. मला समजत नाही. श्वास जरा लांबला की माझी पाचावर धारण बसते.

मांडवाचं चौथं दार मी काढून टाकलं. घराचं कुलूपही काढलं. भोक उरलंय, त्यातून वारा येतो.

आज दुपारी ऊन पडलं तशी ती उठली, टोपली घेतली आणि दारापाशी गेली. दार नुसतं लोटलेलं. तरी तिने वळून मला विचारलं, ‘उघडून देता का? घरी जायचंय.’ मी उघडलं. म्हटलं, चला बाई, मीही तिकडेच निघालोय. तिच्या खांद्यावर शाल घातली. मागे घर उघडं टाकलं, दुकान उघडं, हत्यारं बाहेर. माझ्या आयुष्यात मी असा कधी निघालो नव्हतो. दर दहा पावलांवर मान मागे वळत होती. ती सरळ चालली होती.

चढाच्या रस्त्याने गेलो. तिला धाप लागली की थांबायचो. वाटेत ती मला विचारू लागली, अनोळखी माणसाला विचारतात तसं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, बायको असते. कशी आहे, म्हणाली. मी म्हटलं, हुशार आहे, मुलांना शिकवते, माझ्या धंद्याची थट्टा करते. ती हसली. ‘मग रेंगाळू नका,’ म्हणाली. ‘वाट बघत असेल.’ मी म्हटलं, हो, तिच्याकडेच चाललोय. मग खोकल्याचं सोंग केलं. तर म्हणाली, औषध घ्या.

वरपर्यंत जाऊन वळलो. तिकडे काहीच नव्हतं, पाण्याची टाकी आणि बंद गॅरेज. तिलाही काही अपेक्षा दिसली नाही. उतारावर तिने माझा दंड धरला, पडू नये म्हणून. इतकी वर्षं तिला काय म्हणायचं होतं ते मला आज थोडं समजलं. जायला जागा नसली तरी माणसं वर्षातून तीन वेळा निघत राहिली. ती आहे तिथे मी तिला रोज तोंड दाखवीन. तिला दिसेन की नाही, तो माझा हिशेब नाही.

ताई, मला हे एकट्याने झेपत नाही. लिहून टाकलं. संस्थेबद्दल तुम्ही बोलाल ते ऐकेन, चिडणार नाही. मला तिथे दाराशी स्टूल टाकून बसू देतील का तेवढं विचारून ठेवा. डॉक्टरांना आणा. कुणालाही आणा, पण तुम्ही या, आणि मुक्कामाला या. मला भीती वाटते. एका खोलीत दोन माणसं असावीत आणि त्यातलं एक मी असूनही ती एकटी असावी, याची भीती वाटते. तुम्हाला ती कदाचित ओळखेल. तुमच्याशी तिचं ताऱ्यांवरून भांडण आहे.

आम्ही आपल्याच दारात आलो तेव्हा मी थांबलो. विचारलं, हेच ना घर? तिने आत डोकावून पाहिलं. घर होतं तसंच होतं. खुर्ची, चूल, माझा कोट.

‘हेच,’ म्हणाली. ‘पण हे दिसत नाहीत.’

‘येतील,’ मी म्हटलं.

ती आत जाऊन खुर्चीवर बसली. टोपली मांडीवर. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, आत यावं की नाही कळेना. तिने जरा वेळ वाट पाहिली, मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर ती भीती दिसली, जी इतके महिने मी फक्त माझीच समजत होतो.

‘हे येईपर्यंत बसाल का थोडं?’ म्हणाली. ‘मला एकटीला भीती वाटते.’

बसतो म्हणालो. हे पत्र तिच्या समोर बसून लिहितोय.